पंधरा दिवसांचे डॉक्टर

परतवाड्याहून निघालेली एसटी सेमाडोहच्या जंगलात शिरली की मोबाइलची रेंज जाते. मागच्या सीटवर मांडीवर सॅक घेऊन बसलेत ना, ते बालरोगतज्ज्ञ आहेत बरं का. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेत, अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात पंधरा दिवसांच्या ड्युटीवर. ते गेले की दुसरे येणार.

१९९३ साली इथल्या कुपोषणाच्या बातम्यांनी राज्य हादरलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि पुढे मेळघाटच्या धारणी-चिखलदरा तालुक्यांत असे आळीपाळीने तज्ज्ञ पाठवायची पद्धत पडली. हे मस्टर बघा. एकाच पदासमोर दर पंधरवड्याला नवी सही, निळी शाई, काळी शाई, मध्येच हिरवी. रुजू, कार्यमुक्त, रुजू, कार्यमुक्त.

मग कायमचा माणूस का नाही मिळत? कायम पद भरायचं एमपीएससीतून. जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखत, यादी, पोलीस पडताळणी, मग पोस्टिंगची ऑर्डर, आणि एवढं सगळं होईपर्यंत यादीतला माणूस पुण्या-नाशिकच्या एखाद्या प्रायव्हेट हॉस्पिटलात सेट झालेला असतो, मुलांचं शाळेचं अ‍ॅडमिशनपण झालेलं असतं. दुसरा रस्ता कंत्राटी, एनएचएमचा, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, ठरावीक मुदतीचा करार. नोटीस बोर्डावरची ही जाहिरात वाचा, ‘थेट मुलाखतीस उमेदवाराने स्वखर्चाने उपस्थित राहावे’. शहरात असली जाहिरात निघाली तर बाहेर बाकडं भरतं. इथे खुर्च्या मांडून साहेब लोक वाट बघतात. तज्ज्ञाने आकडा सांगायचा आणि सरकारने तो मान्य करायचा अशीसुद्धा सोय एनएचएममध्ये आहे, पण आकडा कितीही लावा, बायकोपण डॉक्टर असेल तर तिने इथे काय करायचं हे त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

राहिला बॉण्ड. सरकारी कॉलेजातून एमडी-एमएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर ५० लाख भरा. ऐकायला कडक आहे. पण हे वर्ष मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंट म्हणूनही काढता येतं, सुपरस्पेशालिटीची परीक्षा डोक्यावर असते, लायब्ररी तिथेच, मग धारणी कोण मागेल? त्या पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपणही तेच केलं असतं.

या ताईंची सातव्या महिन्याची तपासणी एका डॉक्टरांनी केली, आठव्याची दुसऱ्यांनी, बाळंतपणाला कोण असेल ते अजून ठरायचंय.

हे क्वार्टर. दोन खोल्या, मागे विहीर, समोर सागाची झाडं. आतली कॉट फोल्डिंगची आहे, कारण इथे संसार मांडायला कोणी येतच नाही. नवरा-बायको दोघांना एकाच तालुक्यात पोस्टिंग, तीन वर्षं इथे काढली की पुढची बदली मागेल तिथे, आणि मुलाखत अमरावतीत न घेता थेट मेडिकल कॉलेजांत जाऊन, रिझल्ट लागायच्या आठवड्यात. इथल्या लोकांचं मागणं एवढंच आहे.