अँकर धरतो कशाच्या जोरावर?

(दृश्य: जहाजाच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, सुटणारा अँकर)

ब्रेक सुटला. गंजाची धूळ उडवत साखळी धडधडत खाली निघाली. एवढं लोखंड पाण्यात गेलं की जहाज थांबणारच, असं बघणाऱ्याला वाटतं. पण जहाज धरायला नुसतं वजन पुरत नाही.

अँकरची नखं तळाच्या चिखलात रुतावी लागतात, आणि ती रुततात दांडा आडवा ओढला गेला तरच. ही आडवी ओढ मिळते तळावर लोळणाऱ्या साखळीमुळे. म्हणून 20 मीटर पाण्यातसुद्धा 5 शॅकल सोडतात. शॅकल हे साखळीच्या लांबीचं माप. एक शॅकल 27.5 मीटरचा, म्हणजे खोलीच्या जवळजवळ सातपट साखळी! ती आखूड पडली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नखं उपटून निघतात.

सोडताना जहाज हळूहळू मागे सरकत असावं लागतं. ते जागीच उभं असेल, तर साखळीचा ढीग अँकरवर पडून नखांत गुंतणार.

(दृश्य: कठड्यावरून वाकलेला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम)

याची नजर साखळीवर आहे. ती पुढे ताणली गेली... आणि आता सैलावली. अँकरने पकड घेतली. तो घसरत असता, तर साखळीवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवली असती.

मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 या बार्जचे (कामगारांच्या मुक्कामाच्या सपाट तळाच्या जहाजाचे) अँकर निकामी झाले. बार्ज बुडाला, 70 हून अधिक माणसं गेली.

(दृश्य: दलाल स्ट्रीट)

समुद्रावरचा हा शब्द बाजारातही आला. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2009 मध्ये आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीसाठी, ‘अँकर गुंतवणूकदार’ आणले. ही विक्री सर्वांसाठी खुली होण्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी बड्या संस्था शेअर घेतात, त्यांची नावं झळकतात आणि छोट्यांना धीर येतो. पण इथेही नुसतं वजन बघून चालत नाही. साखळी म्हणजे लॉक-इन: वाटपापासून निम्मे शेअर 30 दिवस आणि उरलेले 90 दिवस विकता येत नाहीत. नावांची चर्चा होते, मुदतीची फारशी नाही. मुदत संपली की विक्रीचा दाब येऊ शकतो. म्हणून अर्ज भरणाऱ्याने या दोन्ही तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.