अर्धा बदाम

१८ व्या शतकातल्या लंडनमधल्या गरीब बाईचा कपडा आज सहसा कुठे बघायला मिळत नाही. श्रीमंतांचे रेशमी झगे, जरीचे कोट म्युझियममध्ये जपलेत, पण गरिबाचा कपडा विरेपर्यंत अंगावरच असायचा, मग त्यातून बाळाची दुपटी निघायची, आणि उरलेल्या चिंध्या कागद बनवायला जायच्या.

तरी ५,००० च्या आसपास तुकडे उरलेत. का उरले ते ऐकलं की पोटात कालवतं.

१७४१ मध्ये लंडनला फाउंडलिंग हॉस्पिटल सुरू झालं. दवाखाना नाही हां, ज्या आयांना बाळ सांभाळणं शक्यच नव्हतं त्यांची बाळं तिथे ठेवून घ्यायचे. बाळाचं नावही बदलायचं, मग उद्या आई परत आली तर तिचं बाळ ओळखायचं कसं? तर एक छापील फॉर्म असायचा, टोपडं, झबलं, अंगावर काय काय आहे ते लिहायचं आणि टाचणीने कापडाचा एक तुकडा लावायचा, कधी आईने दिलेला तर कधी बाळाच्या बाहीचाच कापलेला.

आपल्याला वाटतं गरीब म्हणजे काहीतरी मळकट करडं घालत असतील, पण इथे वेली आहेत, ठिपके, लाल जांभळी फुलं, रेशमी रिबिनी. ती फुलं ओळखीची वाटतील कारण आपली चीट तीच त्यांची चिंट्झ. भारतातून जाणारं हे छापील सुती कापड तिथल्या बायकांना इतकं आवडलं की लंडनचे विणकर भडकले, १७१९ मध्ये भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, आणि १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड घालायला कायद्याने बंदी आली. मग तिथल्या कारागिरांनी लिननवर, लिनन-सुती मिक्स कापडावर तशीच फुलं छापली, आणि मोलकरणीसुद्धा फुलाफुलांचं घालायला लागल्या. मला हे फार मोठं वाटतं, पोटाला चिमटा असला तरी बाईने रंग निवडला होता.

१७६० पर्यंत १६,२८२ बाळं आली. परत नेली गेली १५२.

आता हा तुकडा बघा, फेब्रुवारी १७६७ चा. चिंध्या जोडून शिवलाय, वर दोऱ्याने बदाम काढलाय, पत्त्यातला, हृदयाच्या आकाराचा, आणि तो मधोमध कापलाय. बाळाचं नाव चार्ल्स. त्याची आई सारा बेंडर आठ वर्षांनी, १७७५ मध्ये परत आली, मुलगा जिवंत होता, ती त्याला घेऊन गेली. अर्धा बदाम तिथेच कागदाला राहिला.