चौपाटीवरचे लोकमान्य

श्रोतेहो, नमस्कार. आज १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीवर गेलात की त्यांचा पुतळा दिसतो. पण तो नुसता पुतळा समजू नका. टिळकांची चिता इथे, या वाळूत रचली होती. पुन्हा सांगतो, ही चितेची जागा आहे. भेळ कुठली चांगली ते आपल्याला पाठ असतं (हल्ली सगळेच ती गोड करून ठेवतात, ते सोडा), हे मात्र ठाऊक नसतं.

साल १९२०, वार रविवार. मध्यरात्र उलटल्यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृह या लॉजमध्ये टिळक गेले. पाऊस कोसळत होता, तरी माणसं येतच राहिली. गिरणगावातलीसुद्धा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस असा हिशेब धरून सहा दिवस संप केला होता गिरणी कामगारांनी! ती माणसं घरी कशी बसतील? सोनापूरच्या स्मशानात एवढी गर्दी मावणार कुठे? म्हणून चौपाटीवर दहन करायला सरकारची खास परवानगी काढली.

आता ऐका. तिरडी उचलायची वेळ झाली. गांधीजी खांदा द्यायला पुढे सरले, तोच कुणीतरी त्यांना अडवलं. ब्राह्मणाच्या तिरडीला ब्राह्मणाचाच खांदा हवा, म्हणे! गांधीजी क्षणभर थबकले. मग म्हणाले, लोकसेवकाला जात नसते. आणि वाकून त्यांनी खांदा दिला. एवढंच नाही, मौलाना शौकत अली आणि डॉक्टर सैफुद्दीन किचलू या मुसलमान पुढाऱ्यांनीही खांदा दिला. टिळक आणि गांधीजी यांचं राजकारणात सगळंच जमत होतं असं नाही बरं का. गांधीजींच्या असहकाराची सुरुवातही नेमकी त्याच दिवशी ठरलेली होती. तरी खांदा द्यायला ते हजर. अडवणारा कोण होता याचा शोध मी घेतला नाही. असली माणसं प्रत्येक अंत्ययात्रेत असतात, आणि लाकडं आणायच्या वेळी नेमकी दिसत नाहीत.

देह पद्मासनात बसवला होता. चिता चंदनाची होती. पुतळा नंतर आला, श्रोतेहो. आधी चिता, मग पुतळा.

आणखी एक. त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांच्यावर बोलायला हा वेळ पुरायचा नाही. नमस्कार.