बेट्टी का रडली?

(दृश्य : अंधारलेली बैठकीची खोली, पेटती शेगडी)

बॉस्टन, 13 जानेवारी 1696. संध्याकाळचे सात वाजून गेलेत. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल घरी परततात, तर बायको दारातच गाठते. दुपारी जेवण झालं आणि मुलीनं, बेट्टीनं, एकाएकी हंबरडा फोडला. तिचं ते रडणं पाहून अख्खं घर रडू लागलं. आई विचारत राहिली, ही बोलेना. शेवटी म्हणाली, मी नरकात जाईन अशी भीती वाटते. माझ्या पापांची क्षमा झालेली नाही.

बेट्टी तेव्हा 14 वर्षांची होती.

स्यूअल यांनी हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलंय, कारणासकट. आठेक दिवसांपूर्वी त्यांनीच घरात एक प्रवचन वाचून दाखवलं होतं. त्यातलं बायबलचं वचन होतं : तुम्ही माझा शोध कराल, पण मी तुम्हांला सापडणार नाही. पोरीला घाव बसला तो तिथे.

(दृश्य : लाकडी प्रार्थनागृह, बर्फ)

1630 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत उभारली ती प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडातल्या कडव्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी. बॉस्टन याच वसाहतीतलं. त्यांची श्रद्धा अशी : कोण तरणार, कोण नरकात जाणार, हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय. पुण्य करून त्यात फरक पडत नाही. मग चांगलं वागायचं तरी कशाला? मेख इथेच आहे. निवड झाली की नाही, हे कुणी सांगत नाही. तिच्या खुणा तेवढ्या शोधायच्या, स्वतःच्या मनात आणि रोजच्या वागण्यात. आयुष्यभर. निकाल लागलाय, पण तो पाहायला मिळत नाही, अशी ही परीक्षा.

आणि ती एकट्यानं द्यायची नव्हती. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पूर्ण सभासद व्हायचं, तर देवाची कृपा आपल्याला कशी लाभली हे पटवून द्यावं लागे. 1631 पासून कित्येक वर्षं वसाहतीच्या कारभारात मत होतं ते अशा सभासद पुरुषांनाच. म्हणजे नरकाच्या भीतीची एक तार थेट सत्तेला जोडलेली.

दुसरी तार शेजाऱ्याला. अख्ख्या वसाहतीनं देवाशी करार केलाय, अशी समजूत. एकानं मोडला तर शिक्षा सगळ्यांना : देवीची साथ, दुष्काळ, युद्ध. शब्बाथ, म्हणजे रविवारचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, शेजाऱ्यानं मोडायचा आणि पीक माझं बुडायचं! असं असल्यावर त्याच्या घरात डोकावणं ही भोचक चौकशी उरत नाही, ते कर्तव्य होतं. 1670च्या दशकात तर दहा-बारा घरांमागे एक माणूसच नेमला. दारू पिऊन कोण झिंगतो, शब्बाथ कोण पाळत नाही, हे त्यानं पाहायचं आणि कळवायचं. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड. हो, नाताळच. बायबलात सांगितलेला नाही म्हणून.

(दृश्य : सेलम, जुनी कागदपत्रं)

1692. याच वसाहतीतल्या सेलम गावात चेटकाचे खटले चालले. 19 जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांत एक होते सॅम्युअल स्यूअल.

बेट्टी रडली ती यानंतर चार वर्षांनी. त्याच वर्षी मे महिन्यात स्यूअलना मृत मूल झालं. डिसेंबरात दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा सॅम वडिलांसमोर बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय लॅटिनमध्ये म्हणत होता. सातवं वचन आलं : ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ याचा अर्थ कळला असता, तर तुम्ही निर्दोषांना दोष लावला नसता. ते ऐकून सेलम आठवलं, असं स्यूअल लिहितात.

14 जानेवारी 1697, सरकारनं ठरवलेला उपवासाचा दिवस. पाळक सॅम्युअल विलर्ड भर मंडळीपुढे एक कागद वाचतात आणि तो संपेपर्यंत स्यूअल आपल्या जागी उभे राहतात. सेलमचा दोष आणि लाज मी माझ्यावर घेतो, असं त्यात लिहिलंय. त्या खटल्यांचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी असं कधीच केलं नाही, म्हणून स्यूअल मोठे ठरतात, आणि ते खरंही आहे.

पण कागद नीट ऐका. सुरुवात सेलममध्ये मेलेल्यांपासून होत नाही. देवानं माझ्यावर आणि माझ्या कुटुंबावर पुन्हा पुन्हा घातलेले घाव, तिथून होते. आणि शेवटी मागणी अशी, की या पापाची शिक्षा मला, माझ्या माणसांना, या भूमीला होऊ नये.

वाचन संपलं. स्यूअल यांनी मान लववली.