लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि सरकारी खात्यांची उत्तरे

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल विधिमंडळात मांडला गेला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कोटींचे आकडे येतात, दोन दिवस आरोप-प्रत्यारोप होतात आणि विषय मागे पडतो. आक्षेपांना त्या खात्याने पुढे काय उत्तर दिलं, हे सहसा कुणी विचारत नाही. माझी सारी नोकरी लेखा शाखेत गेली आणि अशी उत्तरं तयार करणं हा त्या नोकरीचा मोठा भाग होता. म्हणून आज मी अहवालाबद्दल कमी आणि उत्तरांबद्दल जास्त बोलणार आहे. सरकारचा पैसा परत येणार की बुडणार, हे आक्षेप किती कडक शब्दांत लिहिला यावर फारसं अवलंबून नसतं. उत्तर केव्हा दिलं आणि त्याला कोणता कागद जोडला, यावर ते ठरतं.

आधी हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात कॅगच्या हाताखालच्या महालेखाकारांची कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला आहेत. तिथून लेखापरीक्षण पथक, आमच्या बोलीत ‘ऑडिट पार्टी’, एखाद्या कार्यालयात येतं. रोखवही, प्रमाणकं (व्हाउचर), निविदेच्या फायली, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका मागवतं. शंका आली की अर्धसमास पत्र देतं. कागदाच्या एका अंगाला त्यांचा प्रश्न असतो, दुसरं अंग आपल्या उत्तरासाठी कोरं सोडलेलं असतं. हे कोरं अंग फार महत्त्वाचं. पथक अजून कार्यालयात बसलेलं असतं, फाईल कपाटात असते, काम करणारा अभियंता आणि देयक (बिल) तपासणारा लिपिक दोघंही हाताशी असतात. त्या वेळी नीट उत्तर आणि कागद दिला, तर गैरसमजातून निघालेली शंका तिथल्या तिथे मिटते आणि जी खरी चूक असते ती लगेच लक्षात येते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिथे एकच ओळ लिहिली जाते : ‘अभिलेख तपासून उत्तर सादर करण्यात येईल.’

पथक परत गेल्यावर निरीक्षण अहवाल येतो. त्याचं अनुपालन, म्हणजे आक्षेपांवरचं लेखी उत्तर, चार आठवड्यांत पाठवायचं असतं. गंभीर बाबींचा मसुदा परिच्छेद, म्हणजे कॅगच्या अहवालात घ्यायच्या आक्षेपाचा कच्चा मजकूर, होऊन खात्याच्या सचिवांना अर्धशासकीय पत्राने जातो आणि त्याला सहा आठवड्यांची मुदत असते. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळात. अहवाल मांडल्यावर खात्याने महिनाभरात स्पष्टीकरणात्मक ज्ञापन द्यायचं, पुढे आमदारांची लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेणार. मुदती सगळ्या छापलेल्या आहेत. त्या पाळल्या जात नाहीत, ही तक्रार कॅग आपल्याच अहवालांतून वर्षानुवर्षं नोंदवत आला आहे.

आता उत्तरांकडे येतो. कुठल्याही खात्याचं अनुपालन उघडा, ठरावीक वाक्यं भेटतील. ‘नोंद घेण्यात आली आहे.’ ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ ‘संबंधितांकडून खुलासा मागविण्यात आला आहे.’ ‘वसुलीची कार्यवाही सुरू आहे.’ यांतल्या एकाही वाक्यात तारीख नाही, रक्कम नाही, माणूस नाही. ही वाक्यं लिहिणारा लिपिक आळशी असतो असं मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर तशी वाक्यं असलेली जुनी उत्तरं असतात आणि वरून निरोप असतो की ‘परिच्छेद वगळून घ्या’, म्हणजे आक्षेप कसाही बंद करून घ्या. चूक दुरुस्त करा, असा निरोप क्वचितच येतो. सगळा दोष इथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रकार जवळून दाखवतो, कारण तो महाराष्ट्रात रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर फार सापडतो. ठेकेदार मुरूम, खडी, वाळू वापरतो. त्या गौण खनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) सरकारला भरल्याचा पुरावा त्याने द्यायचा असतो, नाहीतर ती रक्कम त्याच्या देयकातून कापायची असते. कापली गेली नाही, लेखापरीक्षणात ते निघालं. कार्यालयाने उत्तर दिलं : ‘सदर रक्कम ठेकेदाराच्या पुढील देयकातून वसूल करण्यात येईल.’ वाचायला समाधानकारक. पण फाईल उघडून पाहिली तर आक्षेप ज्या देयकावर आहे तेच अंतिम देयक. पुढचं देयक येणारच नाही. तरीही हातात एक गोष्ट उरलेली असते, ती म्हणजे ठेकेदाराची सुरक्षा ठेव. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत ती सरकारकडेच असते. चार आठवड्यांत कुणी ताळा केला असता तर ठेवीतून रक्कम वळती करून चलन (पैसे जमा केल्याची पावती) जोडता आलं असतं. अनुपालन दोन वर्षं रखडतं, ठेव परत केली जाते. ठेव परत करणाऱ्या टेबलाला आक्षेपाचा पत्ताच नसतो, कारण आक्षेपांची नोंदवही दुसऱ्या खोलीत असते. मग उरतो तो मार्ग म्हणजे जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली करण्यासाठी महसूल यंत्रणेला लिहायचं आणि स्मरणपत्रं पाठवत राहायचं. आता हाच आक्षेप घेऊन दुसरं कार्यालय काय करतं पाहा. पथक असतानाच ठेवीच्या नोंदवहीत लाल शाईने ‘लेखापरीक्षण आक्षेप, परत करू नये’ असा शेरा मारतं. एका शेऱ्याने जनतेचे लाखो रुपये वाचतात. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

उशिराचा दुसरा फटका जबाबदारी निश्चित करताना बसतो. अधिकाऱ्याचा एका पदावरचा कालावधी साधारण तीन वर्षांचा, आक्षेपाचं आयुष्य त्याहून कितीतरी जास्त. उत्तर देणारा बहुतेक वेळा तो व्यवहार करणारा नसतो. तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘हे माझ्या काळातलं नाही.’ व्यवहार करणारा तोवर निवृत्त झालेला असतो. आणि महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम २७ असा आहे की निवृत्तीनंतर विभागीय चौकशी नव्याने सुरू करायची तर ती घटना चार वर्षांहून जुनी असता कामा नये. म्हणजे चार वर्षं खुलासे मागवण्यात घालवली की विभागीय चौकशीचं दार कायमचं बंद. एवढ्या वेळेत कुणालाही काही लपवावं लागत नाही, नुसती पत्रं जावक होत राहिली तरी पुरतं.

कधी उत्तर असं असतं की कागदच मिळणार नाहीत. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे १२,०२४ कोटी रुपयांच्या खर्चाची विशेष तपासणी राज्य सरकारने कॅगला सांगितली आणि तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. त्यातल्या कोविडशी संबंधित ३,५३८ कोटींच्या कामांची तपासणी होऊ शकली नाही. पालिकेने साथरोग कायद्याचा आधार देऊन त्यांची कागदपत्रं दिली नव्हती. साथीच्या काळात घाईने खरेदी करावी लागते, नियम शिथिल होतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण घाईत केलेल्या खर्चाचा हिशेब नंतर निवांतपणे तपासला गेला पाहिजे. ज्यांनी त्या दिवसांत जिवावर उदार होऊन काम केलं त्या अधिकाऱ्यांची बाजूही त्या कागदांतच आहे. कॅगच्या १९७१ च्या कायद्यातलं कलम १८ लेखापरीक्षणाला कागद मागण्याचा अधिकार देतं, त्याला सबबी सांगणं मला गैर वाटतं.

उपयोगिता प्रमाणपत्रांबद्दलही बोललं पाहिजे. निधी दिला, तो त्याच कामावर खर्च झाला, असं लिहून देणारा हा कागद. ३१ मार्चला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्यामुळे हातचा जाऊ नये, म्हणून कोषागारातून पैसे काढले जातात, यंत्रणेच्या बँक खात्यात पडून राहतात आणि सरकारच्या पुस्तकात मात्र खर्च पडतो. तातडीच्या गरजेशिवाय कोषागारातून रक्कम काढू नये, हा नियम जुनाच आहे. संक्षिप्त देयकांवर, म्हणजे तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, उचललेल्या रकमांचं तेच : तपशीलवार देयक तीस दिवसांत द्यायचं, ते वर्षानुवर्षं येत नाही. अशा आक्षेपाला ‘प्रमाणपत्र सादर करण्यात येईल’ हे उत्तरच नव्हे. आज खात्यात शिल्लक किती, एवढं बँकेचं विवरणपत्र जोडलं तर अर्धं खरं बाहेर येतं.

वसुली म्हटली की खाती तत्परता दाखवतात ती नेमकी छोट्या माणसावर. वेतननिश्चिती कार्यालयानेच चुकवली, जास्तीचे पैसे शिपायाला किंवा कनिष्ठ लिपिकाला गेले, आक्षेप आला की निवृत्तीच्या तोंडावर त्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कपात. सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही असं सांगितलं, तरी अजून माणसांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. ठेकेदाराची ठेव सोडून द्यायची आणि शिपायाचं उपदान धरायचं, हे पाहिलं की आजही माझा संताप होतो.

मला आवडलेली उत्तरं फार लांब नव्हती. ‘आक्षेप मान्य. अमुक रक्कम अमुक तारखेला जमा, चलनाची प्रत सोबत. चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते तपासलं, त्या टप्प्यावर तपासणी सूचीत नवा मुद्दा घातला.’ आणि जिथे आक्षेप चुकीचा असतो तिथेही तितकंच ठाम : ‘आक्षेप मान्य नाही, शासन निर्णयाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेचं पान सोबत.’ लेखापरीक्षकही चुकतात. कागद समोर ठेवला तर ते परिच्छेद वगळतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी आपल्या हातातलं सांगतो. मंत्रालयाच्या फायली आपल्याला सहज दिसत नाहीत, पण या सभागृहात ग्रामीण भागातली मंडळी बरीच आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेबाबरोबर शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि तिला दिलेली उत्तरंही ठेवायची असतात. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेला जा आणि ती टिपणी वाचून दाखवायला सांगा. मग प्रत्येक आक्षेपाला तीनच गोष्टी विचारा : रक्कम किती, जमा झाली का, आणि झाली असेल तर चलन कुठे आहे. उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं आलं, तर कोणत्या तारखेपासून सुरू आहे ते विचारा आणि ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.