जन्मतारीख, गुडघा आणि प्रमाणपत्र

नमस्कार. वस्तीत मुलांना खेळ शिकवणारे दादा-ताई आणि पालक आज मोठ्या संख्येने आले आहेत, म्हणून थेट कामाचंच बोलतो.

उमेश यादव हे नाव नागपुरातल्या प्रत्येक पोट्ट्याला पाठ आहे. वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या वडिलांचा मुलगा, पोलीस भरतीत हुकला, विशीपर्यंत लेदर बॉलशी फारसा संबंध नव्हता, आणि २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला. ही वाट खरी आहे, पण फार अरुंद आहे. खेळामुळे वस्तीतल्या घराची परिस्थिती पालटते ती बहुतेक वेळा रेल्वे, पोलीस, सैन्यदल किंवा राज्य सरकारच्या नोकरीमुळे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्या दारापर्यंत जाण्याआधीच, चौदा ते अठरा या वयात, मुलं गळतात. आणि गळतात ती खेळ कमी पडला म्हणून नव्हे.

पहिली गोष्ट जन्मतारीख. तुमच्या मुलांची यादी काढा आणि किती जणांची तारीख १ जून आहे ते मोजा. दाखला नव्हता, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, विषय संपला. आता समजा मुलगी फेब्रुवारी २०११ ची आहे आणि शाळेत १ जून २०१० लागली. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. या मुलीचं प्रत्येक गटातलं एक अख्खं वर्ष गेलं. म्हणून आधी महापालिकेतून जन्मदाखला काढा. नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. टीसी हातात पडल्यावर ती फार अवघड होते. मग आधार त्या दाखल्याप्रमाणे करा.

काही प्रशिक्षक उलटं करतात, दोन वर्षं वय कमी दाखवतात. हा मुलाचा घात आहे. क्रिकेटमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय पाहतात. तिथून निसटला तरी भरतीच्या वेळी दहावीची सनद एक सांगते, खेळाचं प्रमाणपत्र दुसरं, आणि सात-आठ वर्षांची मेहनत त्या टेबलावर बाद होते.

दुसरी गोष्ट गुडघा. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सांगतो, "सर, पळताना दुखते." वाटीच्या खाली, दोन बोटांवर जे हाडाचं टेंगूळ लागतं, तिथे अंगठ्याने दाबून बघा. कळ आली तर बहुधा हा वाढीच्या वयातला त्रास असतो. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू त्या मानाने आखूड पडतो, आणि प्रत्येक उडीला त्या कोवळ्या जागेवर ताण येतो. इथे जोरात मालीश करू नका. गोळी देऊन सामना तर अजिबात खेळवू नका. उड्या, जिने आणि स्प्रिंट काही आठवडे कमी करा, सरावानंतर १५ मिनिटं कापडात गुंडाळून बर्फ ठेवा, मांडीचं स्ट्रेचिंग रोज घ्या. पासिंग, हातांचा व्यायाम, पोहणं चालू राहू द्या. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. दोन सेंटिमीटरच्या वर वाढ दिसली की दुखण्याची वाट न पाहता उड्या कमी करा. सूज, लंगडणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयाची हाडांची ओपीडी गाठा.

आपली मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी होतात. लांब स्टडचे बूट त्यावर टाचेला मारतात. छोट्या, दाट रबरी स्टडचे घ्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. पन्नास किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, सोयाबीन वडीत पन्नासच्या वर. प्रोटीन पावडरचा महागडा डबा विकत घेण्यासाठी कर्ज काढू नका.

लग्नसराईचं मात्र कोणी बोलत नाही. पोट्टे केटरिंगला जातात, रात्री दोनला परततात आणि साडेपाचला मैदानावर असतात. त्यांना आळशी म्हणू नका. त्या पैशात घराचा किराणा येतो. कोण कोणत्या रात्री कामावर होता हे विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याला संध्याकाळी बोलवा. न झोपलेल्या पायानेच घोटा मुरगळतो.

शेवटी प्रमाणपत्र. खेळायला जाण्याआधी संघटना मान्यताप्राप्त आहे का, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. "नॅशनल" नाव लावून फी घेणाऱ्या स्पर्धा पुष्कळ आहेत, त्यांचा कागद नोकरीला चालत नाही. प्रमाणपत्र हातात घेतल्याबरोबर, मैदान सोडण्याआधी, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेची तारीख आणि क्रमांक तपासा. चूक तिथेच दुरुस्त होते. लॅमिनेशन करू नका, साध्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा. संघाची यादी आणि निकालपत्रकाची प्रतही मागून घ्या, कारण बोगस प्रमाणपत्रं सापडल्यापासून क्रीडा उपसंचालकांकडची पडताळणी कडक झाली आहे. ती भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता करून ठेवा.

आता ज्यांच्याकडे मुलांचे कागद आहेत त्यांनी पुढे या, एकेक पाहू.