दोरी कुठे बांधायची? : माध्यमिक शाळेतील डिझाइन आणि तंत्रज्ञान

(नागपूर येथे शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित शिक्षकहो, पालकहो आणि मागच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांनो, आजचा जाहीर विषय ‘आठवी ते दहावीसाठी डिझाइन आणि तंत्रज्ञान : एक आराखडा’ असा आहे. त्या आराखड्याकडे मी येणार आहे. परंतु त्याआधी मला एका लाकडी बैलाविषयी बोलायचे आहे, कारण या विषयाचे मर्म मला त्या बैलामुळे कळले. तान्हा पोळा म्हणजे काय, हे नागपुरात कोणाला सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीची मिरवणूक निघते त्याच दिवशी, मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. ज्यांनी लहानपणी असा बैल ओढला आहे त्यांनी कृपया हात वर करावेत. जवळजवळ सगळेच! आता ज्यांचा बैल वाटेत एकदाही तोंडावर पडला नाही, त्यांनीच हात वर ठेवावेत. पाहा, एकही हात उरला नाही. आज मला या पडण्याविषयीच बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला कार्यानुभवाच्या तासाला असा बैल करायला सांगितला. शाळेच्या कपाटात दोन करवती, एक रंधा, तीन-चार पटाश्या आणि एक गिरमिट एवढीच हत्यारे होती. एका मुलाने सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून देखणा बैल घडवला. मान उंच, शिंगे मोठी, चाके मात्र बाटलीच्या झाकणाएवढी, कारण नेमका गोल त्याला तेवढाच कापता आला. दोरी त्याने मानेला बांधली. खऱ्या बैलाला आपण तिथेच धरतो, हा त्याचा विचार होता. वर्गाच्या गुळगुळीत फरशीवर बैल छान चालला. मैदानात मात्र पहिल्याच खड्याला चाक अडले, बैल तोंडावर आपटला आणि त्याचे एक शिंग मोडले. मोडलेला तुकडा हातात घेऊन पाहिला तेव्हा दिसले की लाकडाच्या रेषा शिंगाच्या लांबीने जाण्याऐवजी आडव्या गेल्या होत्या. तेच शिंग रेषांच्या दिशेने कापले असते तर ते इतक्या सहज तुटले नसते.

पुढचे दोन तास त्या वर्गात जे घडले, तसे माझ्या सबंध नोकरीत फार थोड्या वेळा घडले. एका मुलीने सुचवले की बैलाच्या मागच्या भागाला लोखंडाचा तुकडा बांधावा. तसे केल्यावर गुरुत्वमध्य मागे सरकला आणि पडणे कमी झाले, पण बैल ओढायला जड झाला. दुसऱ्याने मोठी चाके लावली. ती खड्यावरून सहज पुढे जाऊ लागली, पण बैलाची उंची वाढली आणि वळणावर तो कलू लागला. ज्याचा बैल होता तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मानेची दोरी सोडली, चाकांच्या पाटाला पुढे एक भोक पाडले आणि दोरी तिथे ओवली. चाक अडले की दोरी जितक्या उंचावरून ओढते तितका बैल पुढे उलथतो, हे त्याने कोणतेही सूत्र न लिहिता ओळखले होते. तरफेचा धडा त्याने सहामाहीत पाठ केला होता. तो धडा त्याच्या कामी आला तो त्या दुपारी.

एका अडचणीची तीन उत्तरे निघाली, प्रत्येक उत्तराची काही किंमत होती आणि कोणती किंमत द्यायची हे मुलांना स्वतः ठरवावे लागले. डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय म्हणजे हे ठरवणे होय. विज्ञान विचारते की बैल का पडला. हस्तकला विचारते की बैल सुबक झाला का. हा विषय विचारतो की हा बैल कोण ओढणार आहे, कोणत्या रस्त्यावर ओढणार आहे, आपल्याजवळ कोणते साहित्य आहे आणि या सगळ्यांत दोरी कुठे बांधायची.

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही वाईट वाटते. गुणदानाचा जो तक्ता मला मिळाला होता, त्यात सुबकता, सजावट आणि वेळेत सादरीकरण असे तीन रकाने होते. काही मुलांनी बाजारातून रंगवलेले, झूल घातलेले बैल आणून ठेवले आणि त्यांना वीसपैकी अठरा गुण मिळाले. मोडक्या शिंगाच्या, पाटाला भोक पाडलेल्या बैलाला नऊ मिळाले. ते नऊ गुण मी माझ्या हाताने मांडले. तक्ता वरून आला होता हे खरे असले, तरी पेन माझे होते. त्या मुलाने पुढे त्या तासाला काहीही नवे करून पाहिले नाही. सांगितले तेवढेच, नीट, करून दिले.

हा दोष एका शाळेचा नाही, म्हणून मी त्याच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला आणि ते मूळ मला आपल्या शेजारी सापडले. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, महात्मा गांधींनी तेथे हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. सूत कातण्याच्या टकळीसारख्या साध्या साधनातून गणित आणि इतिहासापर्यंत जाता येते, हा विचार मला आजही विलक्षण वाटतो. परंतु मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, अशीही अपेक्षा त्या योजनेत होती आणि माझा नम्र मतभेद इथे आहे. वस्तू विकायची असेल तर पहिली फसलेली वस्तू हे नुकसान ठरते. शिकायचे असेल तर तीच फसलेली वस्तू भांडवल असते. उत्पन्नाच्या बाजूवर भर देताना शिक्षणाचे उद्दिष्ट मागे पडण्याचा धोका खुद्द समितीच्या अहवालानेही दाखवला होता. पुढे कोठारी शिक्षण आयोगाने (1964–66) ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. शब्द बदलत गेले, तयार वस्तूवरची नजर मात्र हलली नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून शाळकरी मुलांच्या हातात वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची खरी कामे दिली, त्याविषयी मला सविस्तर बोलायचे होते. परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि माझ्याकडे दहाच मिनिटे आहेत. तेव्हा आराखडा थोडक्यात मांडतो.

इंग्लंडमध्ये हा विषय 1990 पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग आहे. तेथे आरेखन करणे, घडवणे, पारखणे आणि त्यामागचे तांत्रिक ज्ञान मिळवणे या चार अंगांनी तो शिकवतात, आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत निम्मे गुण लेखी पेपरला, तर निम्मे विद्यार्थ्याने स्वतः आखून केलेल्या प्रकल्पाला असतात. आपण त्यांची यादी उचलू नये. निम्म्या गुणांची ही वाटणी मात्र जरूर घ्यावी.

आठवीला तान्ह्या पोळ्याचा बैल असावा, कारण चाक, आस, तोल आणि लाकूड हे सगळे त्यात येते. नववीला कूलर असावा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा आपल्या कोरड्या हवेत कूलर गारवा का देतो आणि पावसाळा लागताच तोच कूलर नुसती दमट हवा का फेकतो, हे मुलांनी एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला अशा दोन तापमापकांनी स्वतः मोजावे. वाळा आणि लाकडाचे गवत यांची तुलना करावी. खिडकी उघडी ठेवून आणि बंद ठेवून पाहावे. अर्थिंग हा त्यातला पहिला धडा असावा, कारण दर उन्हाळ्यात कूलरच्या विजेच्या धक्क्याच्या बातम्या आपण वाचतो. दहावीला प्रत्येकाने एका ओळखीच्या माणसाची एक अडचण निवडावी: आजीला न उघडणारे बरणीचे झाकण, भाजीवाल्याच्या हातगाडीवरची सावली, असे काहीही चालेल.

गुण वहीला द्यावेत. पहिला प्रयत्न कुठे फसला आणि काय बदलले, याची तारीखवार नोंद नसेल तर उत्तम वस्तूलाही पूर्ण गुण मिळू नयेत. मग बाजारातून बैल आणण्यात अर्थच उरणार नाही. शिक्षक कुठून आणायचे, असे तुम्ही विचाराल. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी एकत्र तास घ्यावा आणि वस्तीतल्या सुताराला किंवा वायरमनला मानधन देऊन बोलवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांना स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची सूचना आहेच. माझी मागणी तेच आठवड्याचे दोन जोडतास करावेत, एवढीच आहे. हत्यारे मुलींच्या आणि मुलांच्या हातात सारखीच पडावीत.

वेळ संपली. तो बैल मी त्या मुलाकडून मागून घेतला होता आणि आज तो इथे टेबलावर ठेवला आहे. मानेभोवती पहिल्या दोरीचा वळ आणि पाटाला पुढचे भोक, दोन्ही दिसतात. बाहेर पटांगणात खडी आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी दोरी दोन्ही ठिकाणी बांधून ओढून पाहावी. शिंग मात्र जपून हाताळावे, ते अजून गोंदावरच आहे.